लेखणी आणि तलवार : जपानचा तरुण सेनापती किताबाताके आकिइए

दरवर्षी गणपती जवळ आले की आपल्या स्मरणिकेचे संपादक मंडळ "या वेळी तरी काहीतरी लिहून द्या" म्हणून मागे लागते. गेली दोन वर्षे मी ड्यूटीचे कारण सांगून सुटका करून घेतली. या वेळी मात्र स्वतःहून हात वर केला. मी काही लेखक नाही. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलो, सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि नोकरीची सगळी वर्षे रूळ, खडी आणि भराव यांतच गेली. इतिहास वाचण्याचा नाद तेवढा शाळेपासून आहे. तेव्हा भाषेत कुठे खडखडाट जाणवला तर मंडळींनी सांभाळून घ्यावे.

काही वर्षांपूर्वी मालगाड्यांच्या स्वतंत्र मार्गाचे काम आपल्या अजमेरच्या बाजूला जोरात चालू होते. प्रकल्पाला जपानचे कर्ज असल्याने साइटवर जपानी इंजिनीअर येत-जात असत. त्यांतले एक वयस्कर गृहस्थ ओसाकाचे होते. एकदा दुपारी डबा खाताना त्यांनी सांगितले की त्यांच्या शहरात अजून एक जुनी ट्राम चालते, आणि तिच्या एका थांब्याचे नाव आहे किताबाताके.

"हे एका घराण्याचे आडनाव आहे," ते म्हणाले. "तीच ट्राम पुढे साकाई गावात जाते. तिथे इशिझु नावाचा थांबा लागतो. त्या भागात या घराण्यातला मुलगा लढाईत मारला गेला. वीस वर्षांचा होता."

मी विचारले, "सामुराई होता का?"

ते हसले. म्हणाले, "नाही. दरबारातला मुलगा. नाच फार सुंदर करायचा."

नाच करणारा मुलगा रणांगणावर कसा पोहोचला, हे कुतूहल मला स्वस्थ बसू देईना. मिळेल ते वाचत गेलो. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो आहे. (जपानी नावांत आडनाव आधी येते. म्हणून किताबाताके हे आडनाव, आकिइए हे नाव.)

दोन जगांचा देश

चौदाव्या शतकातला जपान समजून घ्यायचा तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. तिथे दोन वेगळी जगे होती. क्योतो शहरात सम्राट आणि त्याच्याभोवती पिढीजात दरबारी घराणी. त्यांना 'कुगे' म्हणत. कविता, सुलेखन, संगीत, पूजाविधी, पदव्या आणि मानमरातब हे त्यांचे आयुष्य. दुसरीकडे 'बुके', म्हणजे लढवय्यी घराणी. खरी सत्ता या दुसऱ्या जगाकडे होती. मिनामोतो योरितोमो ११९२ मध्ये शोगुन झाला, तेव्हापासून कामाकुरा इथले लष्करी सरकार देश चालवत होते. पुढे त्या सरकारची सूत्रे होजो घराण्याच्या हाती गेली. सम्राट कोण व्हावा यातही कामाकुराचा शब्द चाले.

१३१८ मध्ये गो-दाइगो हा सम्राट गादीवर आला. त्याला असे नामधारी राहणे मान्य नव्हते. सम्राटाने स्वतः राज्य करावे ही त्याची जिद्द. विद्वान, कर्मकांडात मुरलेला आणि तितकाच हट्टी माणूस. हातात वज्र आणि घंटा घेतलेले त्याचे चित्र फुजिसावा गावच्या एका मठात अजून जपून ठेवलेले आहे.

इथे आपल्या बाप्पांचा संबंध येतो, म्हणून थोडे आडवळण घेतो. बौद्ध धर्माबरोबर आपला गणपती चीनमार्गे जपानला पोहोचला. तिथे त्याला 'कांगितेन' किंवा 'शोतेन' म्हणतात. त्याच्या मूर्ती बहुधा झाकलेल्या असतात आणि नैवेद्याला मुळा लागतो! अमिनो योशिहिको या नामवंत जपानी इतिहासकाराने १९८६ च्या आपल्या पुस्तकात असे मांडले की, कामाकुराचे सरकार उलथावे म्हणून गो-दाइगोने स्वतः या शोतेनचा विधी केला होता. इतर काही अभ्यासकांना हे पटलेले नाही, त्यांच्यात वाद आहे. पण सातशे वर्षांपूर्वीच्या जपानी राजकारणाच्या चर्चेत आपले गजानन निघावेत, याची मोठी गंमत वाटली.

चौदाव्या वर्षीचा मानकरी

गो-दाइगो गादीवर आला त्याच साली, १३१८ मध्ये, किताबाताके घराण्यात आकिइएचा जन्म झाला. वडील चिकाफुसा हे सम्राटाच्या विश्वासातले आणि अतिशय विद्वान. सम्राटाने आपल्या एका मुलाचा सांभाळ त्यांच्याकडे सोपवला होता. तो राजपुत्र १३३० मध्ये वारला, तेव्हा चिकाफुसांनी दुःखाने मुंडण करून संन्यास घेतला. घराण्याची जबाबदारी एका कोवळ्या मुलावर आली.

मुलगाही असामान्य होता. १३३१ मध्ये, चौदावे वर्ष चालू असताना, तो 'सांगि' या पदावर पोहोचला. म्हणजे राज्याच्या सल्लागार मंडळात बसण्याचा मान. इतक्या लहान वयात हा मान तोवर कोणाला मिळाला नव्हता. त्याच वसंतात सम्राटाची स्वारी क्योतोजवळच्या कितायामा इथे गेली असता आकिइएने 'र्यो-ओ' नावाचा नाच केला. जुन्या बखरीत त्या नाचाची नोंद आहे. या नाचामागची कथा चीनमधल्या एका राजपुत्राची आहे. तो इतका देखणा होता की शत्रूला धाक बसावा म्हणून उग्र मुखवटा चढवून लढाईला जाई. हा नाच करणाऱ्या मुलाला तेव्हा काय ठाऊक, की दोनच वर्षांत आपल्यालाही खरे चिलखत चढवावे लागणार आहे!

त्याच साली सम्राटाचा कट फुटला. गो-दाइगो पकडला गेला आणि १३३२ मध्ये ओकी बेटावर त्याला हद्दपार केले. पण १३३३ मध्ये तो तिथून निसटला. नावा नागातोशी नावाच्या सरदाराने त्याला आसरा दिला. कामाकुराचाच सेनानी आशिकागा ताकाउजी उलटून सम्राटाला मिळाला आणि त्याने क्योतो जिंकले. नित्ता योशिसादाने कामाकुरा घेतले. होजो घराणे संपले. सम्राट क्योतोला परतला आणि त्याने राज्यकारभार स्वतःच्या हाती घेतला.

उत्तरेची बदली

आता नव्या राज्याला दूरदूरच्या मुलखांत भरवशाची माणसे हवी होती. आकिइएची नेमणूक झाली मुत्सु प्रांताचा सुभेदार म्हणून. मुत्सु म्हणजे मुख्य बेटाचा उत्तर टोकापर्यंतचा मुलूख. आजचे फुकुशिमा, मियागि, इवाते आणि आओमोरि हे चार जिल्हे त्यात येतात. आपल्या केरळपेक्षा मोठा प्रदेश, बर्फाळ, आणि क्योतोच्या माणसाच्या दृष्टीने जगाचे टोक.

चिकाफुसांनी आधी नकार दिला होता. आमच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या विद्या आणि दरबाराची सेवा केली, शस्त्राची वाट आम्हाला ठाऊक नाही, असे त्यांचे म्हणणे. सम्राटाने ते मानले नाही. आता राज्य एक झाले आहे, तेव्हा लेखणी आणि तलवार असे दोन मार्ग वेगळे राहिलेले नाहीत, असा त्याचा युक्तिवाद होता. ही हकीकत चिकाफुसांनीच पुढे लिहून ठेवली आहे. शेवटी १३३३ च्या हिवाळ्याच्या तोंडाला, सोळावे वर्ष चालू असलेला आकिइए, त्याचे संन्यासी वडील आणि सम्राटाचा सहा वर्षांचा मुलगा योशिनागा असे तिघे उत्तरेला निघाले.

आपल्यापैकी बहुतेकांनी घर सोडून परमुलखात बिऱ्हाड मांडले आहे. पहिल्या पोस्टिंगची पहिली रात्र कोणी विसरत नाही. भाषेचा लहेजा वेगळा, जेवण वेगळे, आणि हाताखालची माणसे आपल्यापेक्षा वयाने नि अनुभवाने मोठी. "हा शहरातला पोरगा आम्हाला काय शिकवणार?" ही नजर ओळखीची असते. आकिइएला ती नजर तागाजो इथे भेटली असणार. आजच्या सेंदाई शहराजवळचे हे ठिकाण मुत्सुचे मुख्य ठाणे होते. (तिथल्या रेल्वे स्टेशनचे नाव आजही कोकुफु-तागाजो, म्हणजे 'सुभ्याचे ठाणे तागाजो' असेच आहे.)

या मुलाने तिथे काय केले? त्याने लहानसे पण पूर्ण सरकारच उभे केले. निर्णयासाठी आठ जणांचे मंडळ नेमले, जमिनीचे तंटे ऐकायला वेगळे खाते, शिपाईप्यादे सांभाळायला वेगळे. महत्त्वाचे म्हणजे आठ जणांच्या मंडळात क्योतोहून आलेल्या दरबाऱ्यांबरोबर युकी मुनेहिरो, दाते युकितोमो अशी स्थानिक लढवय्यी माणसेही बसवली. उत्तरेच्या भागात नांबु मोरोयुकीसारख्या सरदारावर भिस्त ठेवली. तंटा जिथला, निवाडा तिथेच. लोकांना क्योतोचे खेटे घालावे लागले नाहीत.

क्योतोत मात्र नेमके उलटे चालले होते. प्रत्येक जमिनीच्या हक्काला सम्राटाचे स्वतःचे आज्ञापत्र लागेल असे आधी ठरले. देशभरचे लोक राजधानीत येऊन थडकले. मग तो नियम बदलला. खोटी आज्ञापत्रे निघू लागली. १३३४ मध्ये राजधानीतल्या नदीकाठी कोणीतरी टोमणे मारणारा फलक लावला, त्यात या खोट्या आज्ञापत्रांचाही उल्लेख आहे. त्याच साली नवा राजवाडा बांधण्यासाठी कर बसवला. ज्यांनी लढून राज्य मिळवून दिले ते नाराज, आणि ज्यांनी ओळखी लावल्या त्यांना पदव्या. असंतोष साचत गेला.

आठशे किलोमीटरची दौड

१३३५ मध्ये होजो घराण्याच्या उरलेल्या माणसांनी बंड केले. ते मोडायला ताकाउजी परवानगीशिवायच पूर्वेला गेला, बंड मोडले, आणि मग स्वतःच फिरला. नाराज लढवय्ये त्याच्या झेंड्याखाली गोळा झाले. त्याची फौज क्योतोवर चालून निघाली. सम्राटाने आकिइएला हाक दिली.

आता मी जरा माझ्या धंद्याचा हिशेब मांडतो. आजच्या रेल्वेमार्गाने तागाजो ते टोकियो साधारण साडेतीनशे किलोमीटर. टोकियोहून पश्चिमेला बिवा सरोवराच्या काठापर्यंत साधारण साडेचारशे. म्हणजे एकूण आठशे. जुन्या कालगणनेप्रमाणे बाराव्या महिन्याच्या २२ तारखेला आकिइए निघाला आणि नव्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात १३ तारखेला सरोवराच्या काठी ओमी प्रांतात पोहोचला. एकवीस-बावीस दिवस. म्हणजे सरासरी रोज ३६ ते ३८ किलोमीटर! आमचा कीमन रोज आपल्या बीटवर जाऊन-येऊन दहा-बारा किलोमीटर चालतो, तर संध्याकाळी त्याचे पाय बोलतात. इथे फौज, घोडे, ओझी, हिवाळा आणि वाटेत चकमकी. जपानमध्ये तोयोतोमी हिदेयोशीची १५८२ ची दौड फार प्रसिद्ध आहे. तीही साधारण दोनशे किलोमीटरचीच होती.

ताकाउजी क्योतोत शिरला होता. सम्राट जवळच्या डोंगरावर आश्रयाला गेला होता. आकिइए, नित्ता योशिसादा आणि कुसुनोकी मासाशिगे यांनी मिळून १३३६ च्या पहिल्या महिन्यातच क्योतो परत घेतले. ताकाउजी पळत पळत थेट दक्षिणेकडच्या क्युशु बेटावर गेला. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाने आल्या पावली युद्धाचा निकाल फिरवला होता.

पण त्याला राजधानीत ठेवून घेतले नाही. उत्तरेत गडबड सुरू झाली होती, म्हणून तो परत मुत्सुला गेला. इकडे ताकाउजी क्युशुत नवी फौज उभी करून परतला. पाचव्या महिन्यात मिनातोगावाच्या लढाईत मासाशिगे पडला, क्योतो पुन्हा गेले. ताकाउजीने दुसऱ्या शाखेतला सम्राट गादीवर बसवला. वर्षअखेरीस गो-दाइगो योशिनोच्या डोंगरात पळाला आणि खरा सम्राट मीच म्हणून तिथे दरबार थाटला. एका देशात दोन सम्राट, दोन दरबार! ही स्थिती पुढे १३९२ पर्यंत टिकली.

दुसरी स्वारी

आकिइएला पुन्हा बोलावणे आले. पण या वेळची परिस्थिती निराळी होती. उत्तरेतले कित्येक सरदार ताकाउजीकडे गेले होते. १३३७ च्या सुरुवातीला तागाजो सोडून त्याला र्योझेन नावाच्या डोंगरी किल्ल्यावर जावे लागले. पाठीमागचा मुलूखच पेटलेला. तो निघाला तेव्हा आठवा महिना उजाडला होता, आणि कामाकुरा घ्यायला बारावा महिना लागला. पहिल्या खेपेला तेवढ्या वेळात तो चार वेळा क्योतोला पोहोचला असता.

१३३८ च्या सुरुवातीला तो पश्चिमेला निघाला. या वाटचालीचे चित्र 'ताइहेइकि' या जुन्या युद्धग्रंथात आहे आणि ते सुखाचे नाही. ही फौज वाटेतली गावे लुटत, घरे जाळत गेली असे त्यात म्हटले आहे. ग्रंथात अतिशयोक्ती असेल, पण हिशेब सोपा आहे. मागून रसद येत नसेल आणि हजारो पोटे पुढे चालली असतील तर ती वाटेतल्या शेतकऱ्याच्या कणगीवरच भरणार. वेगाची किंमत कोणीतरी चुकवतोच. आपल्या नायकाची ही बाजू झाकून ठेवणे मला योग्य वाटत नाही.

आओनोगाहारा इथे त्याने मोठी लढाई जिंकली. हे मैदान पुढे १६०० मध्ये गाजलेल्या सेकिगाहाराच्या रणभूमीजवळच आहे. पण जिंकूनही फौज एवढी थकली की क्योतोची वाट फोडता येईना. तो दक्षिणेला इसे प्रांतात वळला. उत्तरेला एचिझेन प्रांतात असलेल्या योशिसादाला तो का मिळाला नाही, यावर जपानी इतिहासकार अजून वाद घालतात. इसेहून तो नाराला गेला, तिथे हरला. मग ओसाकाच्या बाजूला कधी जय कधी पराजय. समोर होता ताकाउजीचा कर्दनकाळ सेनानी को नो मोरोनाओ. माणसे कमी होत चालली होती. ज्या उत्तरेने त्याला बळ दिले ती मागे आठशे किलोमीटर राहिली होती.

सात कलमांचे पत्र

मंडळी, इथपर्यंतची कथा शौर्याची आहे. अशा कथा प्रत्येक देशात असतात. मला लिहावेसे वाटले ते यापुढच्या भागामुळे.

१३३८ च्या पाचव्या महिन्याच्या १५ तारखेला या वीस वर्षांच्या सेनापतीने आपल्या सम्राटाला एक लांबलचक पत्र लिहिले. त्याचा मसुदा क्योतोच्या दाइगो-जी मठाच्या कागदपत्रांत जपला गेला. सुरुवातीचा भाग गहाळ आहे, सात कलमे शिल्लक आहेत. पराभवाच्या उंबरठ्यावरचा सेनापती काय लिहील? फौज पाठवा, पैसे पाठवा, धान्य पाठवा? त्यातले काही नाही. त्याने सम्राटाच्या राज्यकारभाराच्या चुका एकेक करून लिहिल्या आहेत. कलमांचा आशय माझ्या शब्दांत असा :

एक, सगळे निर्णय राजधानीत एकवटू नका. दूरच्या मुलखांत लायक माणसे नेमून त्यांना अधिकार द्या.

दोन, लढायांनी रयत पिचली आहे. तीन वर्षे कर माफ करा, बांधकामे थांबवा, काटकसर करा. इथे तो निन्तोकु या प्राचीन सम्राटाचा दाखला देतो. लोकांच्या चुलींतून धूर निघत नाही हे पाहून त्या सम्राटाने कर माफ केले होते, अशी दंतकथा आहे.

तीन, पदव्या आणि अधिकार पारखून द्या. नालायकाला मोठे पद देऊ नका. पराक्रमाचे बक्षीस देण्याचे इतर मार्ग आहेत.

चार, दरबारी आणि भिक्षू यांना काय इनाम द्यायचे याचा काही नियम ठरवा.

पाच, सध्या सहली आणि मेजवान्या बंद करा.

सहा, कायदा ठाम ठेवा. सकाळचा हुकूम संध्याकाळी बदलला तर लोकांनी हातपाय कुठे ठेवायचे?

सात, राज्याचे हित न पाहता कारभारात तोंड घालणारे दरबारी, अंतःपुरातल्या बायका आणि भिक्षू यांना दूर करा.

आणि शेवटी, या गोष्टी सुधारणार नसाल तर मी दरबार सोडून डोंगरात निघून जाईन, असेही त्याने लिहिले.

हे लिहिणारा स्वतः दरबारी होता हे विसरू नका. ज्यांच्यावर टीका केली त्याच लोकांत तो वाढला. सोळाव्या वर्षी तो उत्तरेला गेला नसता तर सम्राटाच्या मेजवानीत तोही बसला असता. पाच वर्षे त्याने शेतकऱ्याचे तंटे ऐकले, सामान्य शिपायाबरोबर बर्फ तुडवला. त्याच्याच फौजेने गावे उजाड केली तीही त्याने डोळ्यांनी पाहिली असणार. रयतेला तीन वर्षे करमाफी द्या, हे कलम मला म्हणूनच फार मोलाचे वाटते. ही जमिनीवर राहून कमावलेली अक्कल होती.

इशिझु

पत्रानंतर सातव्या दिवशी, २२ तारखेला, आजच्या साकाई शहरातल्या इशिझु इथे त्याची मोरोनाओच्या फौजेशी गाठ पडली. डोंगरात निघून जाण्याची भाषा करणारा हा माणूस कुठेही गेला नाही. तो लढला आणि पडला. त्याच्याबरोबर उत्तरेहून आलेला नांबु मोरोयुकी पडला. ओकीहून निसटलेल्या सम्राटाला आसरा देणाऱ्या नावा नागातोशीचा मुलगा योशिताकाही तिथेच पडला. आकिइएचे वय वीस. जपानी पद्धतीने मोजले तर एकवीस.

दोनच महिन्यांनी योशिसादाही मारला गेला. त्याच शरदात ताकाउजी शोगुन झाला. १३३९ मध्ये गो-दाइगोने योशिनोच्या डोंगरातच डोळे मिटले. क्योतो त्याला पुन्हा दिसले नाही. त्याच्यामागे सम्राट झाला तो योशिनागा, आकिइएबरोबर उत्तरेला गेलेला तोच लहानगा राजपुत्र. आणि चिकाफुसा? त्या वृद्ध बापाने हिताची प्रांतातल्या ओदा किल्ल्यात, शत्रूंनी वेढलेल्या मुलखात बसून १३३९ मध्ये 'जिन्नो शोतोकि' हा जपानच्या सम्राटपरंपरेचा इतिहास लिहिला. मुलाच्या मरणाचा शोक त्यात मोजक्या शब्दांत आला आहे. मुलाला तलवार घ्यावी लागली, आणि तलवारीच्या धामधुमीत बापाने लेखणी सोडली नाही.

१८८२ मध्ये जपान सरकारने ओसाकातल्या आबेनो इथे या पितापुत्रांच्या नावाने मंदिर स्थापायचे ठरवले. किताबाताके थांबा त्याच परिसरात आहे. फुकुशिमा जिल्ह्यात र्योझेन मंदिरही आहे. दोन्हीकडे त्याची पूजा होते ती सम्राटनिष्ठ वीर म्हणून.

निष्ठा म्हणजे काय?

माझा प्रश्न इथेच आहे. निष्ठा म्हणजे नेमके काय? हुकूम आला की निघायचे, आठशे किलोमीटर दौडायचे, हीही निष्ठाच. पण "महाराज, तुमचे चुकते आहे" हे सहीनिशी लिहिणे आणि लिहून झाल्यावरही आपली जागा न सोडणे, ही त्याहून अवघड निष्ठा आहे. सोडून जाणारे टीका करतात, राहणारे बहुधा गप्प बसतात. राहून बोलणारे विरळाच.

हे मी कोणत्या अधिकाराने म्हणतो? तर एका चुकीच्या. बरीच वर्षे झाली. एका पावसाळ्यात ट्रॉलीवरून जाताना मला एका उंच भरावाच्या पायथ्याशी पाणी झिरपताना दिसले. मी तोंडी सांगितले. "बघू पावसानंतर" असे उत्तर आले. आपण डिप्लोमावाले, वरच्याला कागदावर कशाला अडचणीत आणायचे, असा विचार करून मी लिहून दिले नाही. आठ दिवसांनी रात्री भराव खचला. नशीब एवढेच की गस्तीवरच्या ट्रॅकमनने ते आधी पाहिले आणि लाल दिवा दाखवून मालगाडी थांबवली. कोणाला इजा झाली नाही. मला कोणी दोषही दिला नाही, कारण कागदावर काहीच नव्हते! पण तो लाल दिवा मी अजून विसरलो नाही. एका ट्रॅकमनने केले ते माझे काम होते.

त्यानंतर मी लिहून द्यायला लागलो. कधी वरिष्ठ रागावले, कधी धन्यवाद म्हणाले. आकिइएची गोष्ट वाचली तेव्हा वाटले, माझ्या चार ओळींच्या कागदासाठी मला एवढे घाबरायला झाले होते. त्याच्यापुढे तर खुद्द सम्राट होता, आणि पाठीमागे शत्रूची फौज.

जाता जाता एक सांगतो. ओसाका आणि नारा यांच्यामध्ये इकोमा नावाचा डोंगर आहे. आकिइएच्या अखेरच्या लढाया या डोंगराच्या दोन्ही बाजूंच्या मुलखात झाल्या. त्याच डोंगरावर आज होझान-जी हे शोतेनचे, म्हणजे आपल्या गणपतीचे, प्रसिद्ध देऊळ आहे. भाविकांच्या सोयीसाठी तिथे १९१८ मध्ये केबलने ओढली जाणारी रेल्वे सुरू झाली, ती जपानमधली अशी पहिली रेल्वे. कधी योग आला तर त्या रेल्वेने वर जाऊन बाप्पांना नमस्कार करायचा, आणि खाली उतरल्यावर जुन्या ट्रामने किताबाताकेहून इशिझुपर्यंत जायचे, असे मी ठरवून ठेवले आहे.

तोवर आपल्या मांडवातल्या बाप्पापुढे एवढेच मागणे. खरे दिसण्याची बुद्धी दे, आणि दिसलेले लिहिण्याचे बळ दे.

गणपती बाप्पा मोरया!